आकाशवाणीच्या जागेची वाट पाहावी का?

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा आहे. बी.कॉम. झाला, पेटी (हार्मोनियम) चांगली वाजवतो, संगीतातली विशारद परीक्षा पूर्ण आहे. आकाशवाणीवर साथीदाराची कायमची जागा निघेल म्हणून वर्षभर घरीच आहे. अजून थांबू द्यावं का? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. थांबू देऊ नका. स्टाफ आर्टिस्टची, म्हणजे पगारी कलाकाराची, नियमित भरती कित्येक वर्षं जवळपास बंदच आहे. माणूस निवृत्त होतो आणि खुर्ची रिकामी राहते. ऑडिशन मात्र त्याने जरूर द्यावी. बी, बी-हाय अशी श्रेणी मिळाली तर बोलावतील तेवढ्या कार्यक्रमांचे पैसे मिळतात आणि बाहेरचे संयोजकही ती श्रेणी विचारतात. ती नोकरी नव्हे, एवढं घरात सगळ्यांनी समजून घ्यावं.

गंमत म्हणजे पेटीवाल्यांना सरकारी आधाराविना जगायची जुनी सवय आहे. 1940 पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. 1971 मध्ये ती सैल झाली, तीही साथीपुरती. तेवढा काळ पेटी तगली ती भजनी मंडळं, नाटकं, शिकवण्या आणि खासगी बैठकींवर. संस्थानी आश्रयाचंही तसंच. 1922 मध्ये कोल्हापूरचे शाहू महाराज गेले, पुढे त्यांचे दरबारी गायक अल्लादिया खाँसाहेब मुंबईला येऊन शिकवू लागले. बडोद्यात दरबारी गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये सुरू केलेली शाळा संस्थान विलीन झाल्यावरही विद्यापीठात टिकली. दरबारी गवयाचं पद मात्र संस्थानाबरोबर संपलं.

म्हणून आधी शिकवण्या. 12 विद्यार्थी, महिना 800 रुपये, म्हणजे 9,600. फी पाच तारखेच्या आत आणि बुडालेल्या तासाचा नियम पहिल्याच दिवशी सांगायचा. मे महिन्यात निम्मे विद्यार्थी गळतात, ते धरूनच हिशेब करावा.

दुसरं, पेटीची दुरुस्ती. याकडे वादक तुच्छतेने बघतात, ते चूक आहे. मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर भरपूर, पण पेटीचं काम वेगळं. त्यासाठी पेटीवालाच गाठून वर्षभर हाताखाली राहावं. पितळी सूर, म्हणजे पेटीच्या आतली नाद देणारी पितळेची जीभ, टोकाकडे खरवडला की चढतो, मुळाकडे खरवडला की उतरतो. नवशिका घाईत जास्त खरवडतो, पितळ पातळ होतं आणि सूर महिन्याभरात तुटतो. आधी ब्रशने धूळ काढून बघायची. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकते आणि गिऱ्हाईक म्हणतं, सूर गेला. भाता भरून एकही पट्टी न दाबता थांबा. हवा भराभर निघून गेली तर गळती आहे, सुरांना हात लावू नका.

तिसरं, श्रोते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला 1953 पासून लोक येत आले. तुमच्या गावात तेवढं नको. कुणाच्या तरी दिवाणखान्यात 40 श्रोते, प्रत्येकी 300, झाले 12,000. गायकाला 5,000, तबला आणि पेटीला 2,500 प्रत्येकी, उरलेल्या 2,000 मध्ये माइक आणि चहा. हे फसतं ते फुकट पासांमुळे: पहिल्या बैठकीला दहा जणांना तसंच बसवलं की दुसऱ्या वेळी कुणीच पैसे काढत नाही. शिवाय साथीदाराची बिदागी आधी ठरत नाही आणि शेवटी त्याच्या हातात नारळ येतो. मुलाने 'किती?' हे फोनवरच विचारायची लाज सोडावी.

सरकारी दारही अगदीच बंद नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयासाठी आहे: महिना 5,000, दोन वर्षं. गुरूकडे किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. तो आजच मागून ठेवा. पैसे दरमहा येत नाहीत, सहामाही हप्त्याने येतात, तेव्हा त्यावर पेटीचं कर्ज काढू नका.