ताई, म्हशीला चढेल का?

आधी वाळूजच्या एका मोठ्या बीअर कारखान्याची प्रयोगशाळा, मग पुण्यातली एक मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागेवरच बीअर करून विकणारं छोटं ठिकाण. माझी सगळी नोकरी यीस्टच्या, म्हणजे बीअर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीच्या, संगतीत गेली. आंबवण्याच्या धंद्याबद्दल तुम्ही विचारायचं आणि मी सांगायचं, एवढाच या पानाचा करार आहे. ‘पुण्यात सगळ्यात चांगली बीअर कुठे मिळते?’ या पत्रांना उत्तर मिळणार नाही. मी त्यातल्याच एका दुकानाचा पगार घेते.

ताई, आम्ही दोघं दर शनिवारी गव्हाची बीअर प्यायला जातो. तिला पिकलेल्या केळ्याचा वास येतो. नवरा म्हणतो, इसेन्स घालतात. मी म्हणते, केळी कुस्करून घालतात. पैज लागली आहे. — बाणेर

दोघंही हरलात. केळं नाही, इसेन्सही नाही. ही करामत यीस्टची. बव्हेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बीअरचं यीस्ट साखर खाता खाता आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं एक एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाचं रसायन, तयार करतं. पिकल्या केळ्याच्या वासातही मुख्य वाटा याच रसायनाचा असतो. (चिडलेली मधमाशी बाकीच्यांना हाक मारायला हेच सोडते. म्हणून पोळ्याजवळ केळं खात उभं राहू नका.)

पुढच्या वेळी नुसतं केळं शोधू नका, लवंगही शोधा. ती सापडली तर ब्रूअरने, म्हणजे बीअर करणाऱ्याने, काम नीट केलंय असं समजा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. तो दळून गरम पाण्यात भिजवतो त्याला आम्ही मॅशिंग म्हणतो. त्यात थोडा वेळ ४३ ते ४५ अंशांवर थांबलं की धान्यातलं फेरुलिक आम्ल मोकळं होतं आणि यीस्ट त्यातून लवंगेचा वास काढतं. घाई करणारा ब्रूअर हा टप्पा गाळून थेट ६५ अंशांच्या आसपास जातो. मग उरतं ते एकटं केळं. फर्मेंटर, म्हणजे आंबवायची टाकी, तापला तर ते आणखी वाढतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात चिलर दमले की काही ठिकाणची बीअर शिकरणीच्या वळणावर जाते, ती त्यामुळे.

आणि जिथे जावं तिथे गव्हाचीच बीअर का, असा प्रश्न पडला असेल तर त्यामागे हिशोब आहे. २००९ साली डूलालीने पुण्यात राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी काढली, तेव्हा गिऱ्हाइकाला बाटलीतली लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली नेहमीची बीअर, तेवढी माहीत होती. हॉप्सच्या फुलांनी कडू केलेली बीअर पुढे केली की तोंड वाकडं व्हायचं. गव्हाची मऊ, थोडी गोडसर, पहिल्याच घोटाला पटणारी. शिवाय ती दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते. लागर ९ ते १२ अंशांवर आंबवायची आणि पुढे कित्येक आठवडे शून्याच्या जवळ पडू द्यायची. भाड्याच्या जागेत चार-सहा टाक्या असतात, त्यातली एक अडकली की पैसे अडकले. म्हणून छोट्या जागेत कोणी मनापासून केलेली पिल्सनर, म्हणजे फिकट रंगाची लागर, देत असेल तर तिला मान द्या. तिच्यात दोष लपवायला जागा नसते.

मी अनेक वर्षं न्यू जर्सीत राहतो. गॅरेजमध्ये पाच-पाच गॅलनची बीअर करतो, मित्रांत नाव आहे. आता कोथरूडला कायमचा परततोय. किट कंटेनरमध्ये टाकू का? सोसायटीची गच्ची मोकळीच असते. — एडिसन

टाकू नका, दादा. तिकडे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांच्या सहीने घरच्या बीअरवरची केंद्राची बंदी उठली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २००. इकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. नावातलं ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आलं, पण कलम ६५ जागेवरच आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहेच, ते करण्यासाठी साहित्य किंवा भांडी बाळगणं हाही गुन्हा आहे. वीस लिटर विकण्यासाठी केली की घरच्या गणपतीला आलेल्या मित्रांसाठी, हे कलम विचारत नाही.

माझं मत विचाराल तर घरापुरत्या थोड्या बीअरला मुभा असायला हवी. विषारी हातभट्टी रोखायचा कायदा आणि हौशी माणसाचं पातेलं यांना एकाच दावणीला बांधून कोणाचं भलं होत नाही. पण कायदा बदलेपर्यंत मी या पानावर कृती छापणार नाही. ‘सगळेच करतात, कोण बघतंय’ हे मी पार्किंगच्या भांडणातही ऐकते. गच्चीचं तर नावच काढू नका. यीस्ट आणि साखर कोंडलेल्या काचेच्या बाटल्या पुण्याच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवल्या तर उत्पादन शुल्क विभागाच्या आधी अग्निशमन दल येईल.

हात शिवशिवत असतील तर माल्ट चाखायला शिका. पन्नास ग्रॅम माल्ट मिक्सरमध्ये भरड करा, ६५ अंशांच्या चारशे मिली पाण्यात घालून पंधरा मिनिटं थर्मासमध्ये ठेवा, कॉफीच्या कागदातून गाळा. साधा पिल्सनर माल्ट, म्युनिक माल्ट, भाजलेला काळा माल्ट असे तीन कप शेजारी ठेवून प्या. ब्रूअर नवीन पोतं असंच तपासतात आणि यात आंबवणं येतच नाही. दुसरं, एखाद्या मायक्रोब्रूअरीत मंगळवारी दुपारी जा. शनिवारी रात्री आम्ही कोणाशीच धड बोलत नाही. मंगळवारी ‘मी तिकडे ब्रू करायचो’ एवढं म्हणालात तरी ब्रूअर तुम्हाला टाक्यांपर्यंत नेईल आणि तासभर सोडणार नाही. काही जण ओळखीच्या हौशी माणसाची कल्पना स्वतःच्या परवान्यात, स्वतःच्या टाकीत उतरवतातही. किट तिथल्याच कोणाला तरी देऊन टाका.

आणि परतल्यावर पिण्याचाही परवाना काढा, वर्षाचाही मिळतो आणि आजन्मही. बीअरला वय २१, कडक दारूला २५. तुमचा प्रश्न नाही, पण मुलगा सोबत येत असेल तर माहीत असू द्या.

ब्रूअरीतून चोथा आणून म्हशींना घालतो. आई म्हणते दारूचा माल आहे, म्हशीला चढेल आणि दूध नासेल. ताई, म्हशीला चढेल का? — मुळशी

नाही चढत. माल्टमधला गोड रस, ज्याला आम्ही वॉर्ट म्हणतो, तो गाळून घेतला की मागे राहतो तो चोथा. यीस्ट त्यानंतर, रस उकळून थंड केल्यावर पडतं. चोथ्याने दारू पाहिलेलीच नसते. साखर निघून गेलेली असते, प्रथिनं आणि तंतू राहतात. म्हणून दुधाळ जनावराला तो मानवतो.

दोन गोष्टी सांभाळा. चोथ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच वास मारतो. बुरशी दिसली की उकिरड्यावर. लगेच संपणार नसेल तर मुरघासासारखा पिंपात दाबून, हवाबंद करून ठेवा. आणि कडब्यासोबत द्या, नुसता नको. दुसरं, ब्रूअरीतलं कोणी ‘हाही ने, फुकट आहे’ म्हणत यीस्टचा पातळ गाळ पुढे केला तर तसाच आणू नका. त्यात अल्कोहोल असतं आणि यीस्ट जिवंत असतं, जनावराचं पोट फुगतं. तिथे आईंचं बरोबर आहे. रोज किती घालायचं ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

आमच्या मालदांडीची बीअर होईल का? बार्ली राजस्थानातून येते म्हणे, मग आमची ज्वारी का नको? भावही बरा मिळेल. — मंगळवेढा

बीअर होते. आफ्रिकेत ज्वारीची बीअर पिढ्यान्‌पिढ्या होते आहे. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्लीची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांनाही ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं. तुमची मालदांडी पांढरी, टॅनिन कमी. लाल ज्वारीसारखी तुरट होणार नाही.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. बार्लीचा स्टार्च साठ-पासष्ट अंशांना फुलतो आणि त्याच तापमानाला तिच्यातली एन्झाइम्स त्याची साखर करतात. ज्वारीचा स्टार्च सत्तरीच्या पुढे फुलतो. तोवर एन्झाइम्स मेलेली असतात. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवायची, खाली थंड करायची, मग बार्लीचा माल्ट मिसळायचा. एक भांडं वाढलं, दोन तास वाढले, गॅस वाढला. पुढची अडचण गाळण्याची. बार्लीचं टरफल खाली बसून स्वतःच गाळणी बनतं. ज्वारीला ते नाही, सगळा पिठल्यासारखा गोळा होतो, त्यात भाताचा तूस घालावा लागतो. आणि ज्वारीचा माल्टच करायचा म्हणत असाल तर मोड वाळवून, चोळून पूर्ण काढून टाकावे लागतात. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन जनावर दगावतं, हे मी तुम्हाला काय सांगणार? मोडातही तेच विष असतं.

आता भाव. हजार लिटर बीअरला साधारण दोनशे किलो धान्य लागतं. धाडस करून ब्रूअरने पाचवा हिस्सा ज्वारी घातली तर चाळीस किलो झाली. एक पोतंही नाही, आणि तेही महिन्यातून एकदा, हंगामी बीअर म्हणून. त्याच्या फळ्यावर ‘मंगळवेढ्याची मालदांडी’ असं लिहिलेलं तुम्हाला आवडेल, मलाही आवडेल. पण या भरवशावर एक एकरही वाढवू नका. त्यापेक्षा हुरडा जास्त पैसे देईल.

आमच्याकडे प्यायला टँकर आणि तुमच्याकडे बीअर. लाज वाटते का? — लातूर

२०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि पुढे साठ टक्क्यांनी कापलं. ते योग्यच होतं असं मला तेव्हाही वाटलं, आणि हे मत आमच्या धंद्यात फार लोकप्रिय नाही.

आकडा सांगते. चांगला मोठा कारखाना एक लिटर बीअरला चार-पाच लिटर पाणी वापरतो. बीअरमध्ये जातं त्यापेक्षा धुण्यात आणि थंड करण्यात जास्त जातं. मायक्रोब्रूअरी लहान आणि गोंडस दिसते, पण लिटरमागे ती बहुतेक वेळा याहून जास्त पाणी सांडते, कारण टाकी लहान असली तरी धुवायची तितक्याच वेळा. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या टाकीच्या पहिल्या धुण्याला वापरणं, वॉर्ट थंड करताना तापलेलं पाणी पुढच्या मॅशला घेणं, हे करता येतं. तुमच्या गावाजवळच्या ब्रूअरीत गेलात तर हेच दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना मालक अडखळला तर समजून घ्या.

मुलगा बायोटेक झालाय. चांगल्या कंपनीची ऑफर सोडून ब्रूअर व्हायचं म्हणतो. घरात सासरे माळकरी. काय करू? — कऱ्हाड

काकू, त्याला आधी तीन महिने कुठेतरी उमेदवारी करू द्या. दिवसाचा मोठा भाग धुण्यात जातो: कॉस्टिक, मग आम्ल, मग गरम पाणी. पंचवीस-पंचवीस किलोची पोती, गमबूट, रात्री दोनला चिलर बंद पडल्याचा फोन. टाकीत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, बेसावध डोकं आत घातलं तर माणूस कोसळतो. हे सगळं बघूनही टिकला तर पुढे शिकवा. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवतात. पैसे असतील तर बर्लिनचं व्हीएलबी, म्युनिकजवळचं वायहेनश्टेफान, एडिनबराचं हेरियट-वॉट आहे. पिण्याची आवड म्हणून यायचं म्हणत असेल तर नको. चांगला ब्रूअर दिवसभर घोट-घोट चाखतो आणि संध्याकाळी घरी जाऊन ताक पितो.

सासऱ्यांचं मी काय सांगू? माझ्या वडिलांच्या गळ्यातही माळ होती. पहिल्या पगाराचे पेढे त्यांनी खाल्ले, गावात वाटलेसुद्धा. कारखान्याचं नाव मात्र कधी तोंडातून काढलं नाही. ‘औषधाच्या कंपनीत आहे’ असं सांगायचे. मी दुरुस्त केलं नाही.

रविवारी मायक्रोब्रूअरीतून ग्राउलर, म्हणजे बीअर घरी न्यायची मोठी बाटली, भरून आणला आणि पाहुणे आलेच नाहीत. आज गुरुवार. पिऊ का? — ठाणे

झाकण उघडलं नसेल आणि तो सबंध वेळ फ्रिजमध्ये असेल तर आज रात्री प्या. आणखी लांबवू नका. खरं तर दोन-तीन दिवसांत संपवायची वस्तू आहे, कारण ही बीअर पाश्चराइझ केलेली नसते. रविवारीच उघडून अर्धा ठेवला असेल तर फेस गेलेला असेल आणि चव ओल्या पुठ्ठ्याकडे झुकलेली असेल. त्यात काही विषारी नाही, पण मजाही नाही. कांदाभज्यांच्या पिठात पाण्याऐवजी घाला. फ्रिजच्या बाहेर राहिला होता असं आता हळूच सांगणार असाल, तर थेट मोरीत, आणि ग्राउलर लगेच गरम पाण्याने धुऊन उपडा घाला. साबण नको, पुढच्या बीअरला फेस धरत नाही.