विमान पडलं की पाडलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात १५ सप्टेंबर १९४० ला लंडनवर ब्रिटिश आणि जर्मन विमानांत झालेल्या हवाई लढाईबद्दल लिहिताना तुम्ही एके ठिकाणी ‘जर्मनीची १८५ विमानं पाडली’ म्हटलंय आणि पुढे ‘त्या दिवशी जर्मनीची साठेक विमानं पडली’. वाचून बघणाऱ्या मित्राचं म्हणणं, दोन्हीकडे ‘पाडली’ करा आणि आकडा एकच ठेवा. माझं मत विचाराल तर दोन्ही आकडे राहू द्या, दोन्ही क्रियापदंही.

पडणे-पाडणे ही मरणे-मारणे, तुटणे-तोडणे यांच्यासारखीच जोडी. व्याकरणात अकर्मक-सकर्मक म्हणून आपण मोकळे होतो, पण खरा फरक निवडणुकीनंतर पारावर कळतो. उमेदवार पडतो एकदाच. ‘त्याला आम्हीच पाडला’ म्हणणारे मात्र पाच जण भेटतात, आणि पाचही जण आपापल्या परीने खरं बोलत असतात! पडलेले मोजता येतात. पाडणाऱ्यांची बेरीज केली की ती फुगते.

लंडनवर नेमकं हेच झालं. त्या दिवशी जर्मनांचा एक डॉर्निअर बॉम्बर लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनच्या आवारात कोसळला. त्याच्यावर एकापेक्षा जास्त ब्रिटिश लढाऊ विमानांनी हल्ला केला होता. प्रत्येक वैमानिकाला तो आपलाच वाटणार. शिवाय मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानाचा वैमानिक सुटकेसाठी पूर्ण जोर लावून सूर मारी, तेव्हा इंजिनातून काळा धूर निघे. मागच्याला वाटे, पेटलं आणि गेलं. खाली ढग असले की खात्री करणार कोण? वैमानिक उतरला की गुप्तवार्ता अधिकारी त्याला प्रश्न विचारून नोंद करी: नक्की पाडलं, बहुधा पाडलं, नुसतं नुकसान केलं. १८५ हा पहिल्या रकान्याचा आकडा. त्यात लबाडी शोधायला जाऊ नका.

आपल्याकडे यासाठी ‘टिपणे’ हे झकास क्रियापद आहे. शिकारी सावज टिपतो, कॅमेरा दृश्य टिपतो, आणि कारकून टिपण काढतो. ‘विमान टिपलं’ म्हटलं की गोळी लागली, दिसलं, नोंदलं गेलं, हे सगळं आत येतं. जमिनीवर पडलं का, एवढंच येत नाही. ‘दावा’ हाही चांगला शब्द, कोर्टातला, पुरावा मागणारा. पण युद्धाच्या बातम्यांत तो फक्त शत्रूच्या वाट्याला येतो. शत्रू ‘पाडल्याचा दावा’ करतो, आपण सरळ ‘पाडतो’. तुम्ही ब्रिटिशांच्या १८५ पुढेही ‘दावा’ लिहा.

साठेक हा आकडा युद्धानंतर हाती आलेल्या जर्मन कागदपत्रांतून निघाला, म्हणजे ज्याचं गेलं त्याच्याच वहीतून. तिथे मोडतोड टक्क्यांत लिहीत. ६० टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे विमान हिशेबातून बाद. फ्रान्सपर्यंत रखडत पोचून धावपट्टीवर मोडलेलं विमानही असं बाद होई. ते ‘पडलं’ म्हणायचं का? काटेकोर बोलायचं तर नाही. म्हणून साठेकच्या पुढे मी ‘गमावली’ घालेन. मघाशी दोन्ही क्रियापदं ठेवा म्हणालो, त्यातलं एक आता मीच बदलतोय, चालवून घ्या.

‘निकामी’ वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. जपून वापरा. केंट परगण्यातल्या शेतात पोटावर उतरलेलं ब्रिटिशांचं स्पिटफायर लढाऊ विमान त्या दिवसापुरतं निकामी, पण दुरुस्त होऊन पुन्हा उडू शके. कायमचं गेलेल्याला आपल्याकडे घरगुती शब्द आहे, ‘मोडीत काढलं’, जसं पितळेचं फुटकं भांडं काढतात. आणि विमान मोडीत निघालं म्हणून वैमानिक गेला असं नाही. लढाई आपल्याच भूमीवर चाललेली, त्यामुळे हवाई छत्रीने उतरलेला ब्रिटिश वैमानिक जखमी नसेल तर परत उडायला मोकळा. इंग्लंडवर उतरलेला जर्मन मात्र कैदेत. तेव्हा ‘हानी’ लिहाल तिथे विमानांची की माणसांची, हे लगेच सांगून टाका.

वाक्य असं करता येईल: ‘ब्रिटिशांनी त्या दिवशी १८५ विमानं पाडल्याचा दावा केला, जर्मनीने प्रत्यक्षात साठेक गमावली.’ मित्राला दाखवा. तो ‘प्रत्यक्षात’ काढायला सांगेल, ते मात्र ऐकू नका.