तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : इंदूरचे कॉर्गीवाले

या वेळी इंदूरहून आलेली पत्रं बहुतेक सगळी कॉर्गीबद्दलच आहेत, म्हणून पूर्ण सदर त्यालाच देतेय. आमच्या घरी पण चिकू आहे, पेम्ब्रोक कॉर्गी, आणि तिलकनगरात सकाळी आमची कुत्रेवाली मंडळी भेटतात त्यात लॅब म्हणजे लॅब्रेडॉर आहेत, गल्लीतून उचलून आणलेली देशी आहेत, एक म्हातारा पामेरियन आहे, त्यामुळे खालचं बरंचसं या मंडळींसोबत राहून शिकलेलं आहे, बाकी डॉक्टरांकडून. एक गोष्ट आधीच सांगते, कॉर्गी दिसतो खेळण्यासारखा पण तो गुराख्याचा कुत्रा आहे, हे डोक्यात ठेवलं की अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

प्रश्न : आमचा कॉर्गी 7 महिन्यांचा आहे, एरवी फार गुणी आहे पण मुलं पळायला लागली की मागे धावतो आणि टाचेला दात लावतो. परवा सासूबाईंच्या पायाशी पण तेच केलं. त्या म्हणतात हा चावरा आहे, देऊन टाका कुणाला तरी. मला रडूच आलं. (सुदामानगर)

ताई, देऊ नका हो. तो चावरा नाहीये, तो त्याचं काम करतोय. वेल्समधे या कुत्र्यांना गाई हाकायला ठेवायचे, आणि गाय हाकायची पद्धत म्हणजे मागून जाऊन टाचेजवळ हलका चिमटा घ्यायचा, गाईने लाथ मारली तर ती डोक्यावरून जावी म्हणून बुटका असणं कामाचं होतं. आता तुमच्या हॉलमधे गाई नाहीत, पळणारी मुलं आहेत आणि लगबगीने स्वयंपाकघरात जाणाऱ्या सासूबाई आहेत, तर तो त्यांनाच गोळा करतो.

पण म्हणून चालवून घ्यायचं असं अजिबात नाही, 7 महिने हेच शिकवायचं वय आहे. त्याने टाच पकडली की मुलांनी किंचाळायचं नाही आणि पळायचं तर मुळीच नाही, जागच्या जागी झाड होऊन उभं राहायचं, कारण गाय थांबली की त्याचं काम संपतं आणि गंमतही संपते. चार पाय जमिनीवर ठेवून शांत उभा राहिला की लगेच शाबासकी आणि छोटासा खाऊ. मारू नका, नाकावर टिचकी पण नको, त्याने तो हाताला घाबरायला लागतो आणि मग खरंच चावतो. मुलांचा पळापळीचा खेळ सुरू होणार असेल तर त्याला आधीच दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन बसवा.

आणि सासूबाईंसाठी माझा आवडता उपाय, संध्याकाळचं त्याचं जेवण त्यांच्या हातून द्या. वाटी हातात, तो "बस" म्हटल्यावर बसला की मगच वाटी खाली. आमच्या ग्रुपमधल्या एका घरी हेच केलं, आता त्या आजी सकाळी फिरायला स्वतः येतात.

हां, एक मात्र लक्षात ठेवा, दात लागून कातडी फुटली तर घरचा कुत्रा आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. त्याचं रेबीजचं इंजेक्शन वेळेवर झालंय का तेही बघा, पहिलं साधारण 3 महिन्यांचा असताना आणि नंतरचे डोस डॉक्टर कार्डावर लिहून देतात तसे.

प्रश्न : मे महिना जवळ आलाय, याचे केस इतके दाट आहेत की बघूनच गरम होतं. ग्रूमिंगवाला म्हणतो पूर्ण मशीन मारून देतो. मारू का? (विजयनगर)

नका मारू. कॉर्गीच्या अंगावर दोन थर असतात, वरचा जाडसर आणि आतला लोकरीसारखा, आणि हे दोन्ही मिळून थंडी जशी अडवतात तसंच ऊनही थेट कातडीवर येऊ देत नाहीत. पूर्ण काढले तर कातडी भाजू शकते आणि परत उगवताना केस कधीकधी नीट येतच नाहीत. काढायचाय तो आतला मेलेला थर, त्यासाठी दात असलेली कंगव्यासारखी रेक मिळते ती आणि बारीक तारांचा स्लिकर ब्रश, केस गळायच्या दिवसांत रोज करा, घरभर पुंजके उडतात ते उडू देत, वर्षातून दोनदा मोठी गळती असतेच आणि एरवी पण थोडी थोडी चालूच असते.

खरी काळजी रस्त्याची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो आणि कॉर्गीचं पोट रस्त्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर, म्हणजे लॅबला जेवढी धग लागत नाही तेवढी याला लागते. तळहाताची मागची बाजू डांबरावर 7 सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन नाही झालं तर त्याला पण नाही होणार. सकाळी साडेसहाच्या आत फिरून या, आणि माळव्यात रात्री छान गार होतं, तर दुसरी चक्कर जेवणं झाल्यावर. संध्याकाळी 6 ला रस्ता तापलेलाच असतो, लोक इथे फसतात.

जीभ गडद लाल, धाप थांबतच नाही, लाळ घट्ट झालीय, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर सावलीत आणा, साध्या गार पाण्याने पोट, बगला, पंजे भिजवा, पंखा लावा आणि भिजवत भिजवतच दवाखान्यात पळा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

प्रश्न : भिया (भाऊ) लोकांचं शहर आहे, सकाळी पोहे-जलेबी आली की हा समोर येऊन बसतो, नाही म्हणवत नाही. पेम्ब्रोक आहे, वजन 17 किलो झालंय. जास्त आहे का? (रामबाग)

जास्त आहे दादा, बरंच जास्त आहे. पूर्ण वाढ झालेला पेम्ब्रोक साधारण 10 ते 14 किलोचा असतो, कार्डिगन हा कॉर्गीचा दुसरा प्रकार थोडा मोठा, आणि तुम्ही तुमचा पेम्ब्रोक लिहिलाय. बरगड्यांवरून हात फिरवा, दाबल्याशिवाय लागत नसतील तर समजा.

पोह्यांवर आपण कच्चा कांदा भुरभुरतो आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लसणाने पण. म्हणजे लसणाची शेव तर नकोच नको, साधी शेव पण मीठ-तेल-तिखटाची. मनुका, द्राक्षं किडनीला घातक, चॉकलेट नाही, शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल तर थोडंसं पण जीवघेणं. समोर येऊन बसतोय तर काकडीचे तुकडे ठेवा, उकडलेलं गाजर ठेवा, त्याला तुमच्यासोबत खायचंय, काय खायचंय हे त्याला तितकंसं महत्त्वाचं नसतं.

मी इतकं ताणून सांगतेय ते पाठीमुळे. लांब पाठ, आखूड पाय, या बांध्याच्या कुत्र्यांत मणक्यामधल्या गाद्या लवकर कडक होतात आणि एखादी सरकली की मागचे पाय जाऊ शकतात. वरचे 3-4 किलो रोज ती पाठ वाहतेय. सोफ्यावरून उडी नको, रॅम्प किंवा पायरी लावा, रामबागेतली जुनी घरं उंच जिन्याची आहेत तर खाली उतरताना उचलून घ्या, एक हात छातीखाली आणि एक मागच्या भागाखाली, काखेत धरून लोंबकळवायचं नाही. पाठ कमानीसारखी धरून बसला, उचलल्यावर ओरडला, पाय ओढत चालला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या बघू म्हणायचं नाही. आमच्या ग्रुपमधल्या काही जणांना तर महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजला जाणं सोयीचं पडतं, रस्ता पण फार लांब नाही.

म्हातारपणी मागचे पाय हळूहळू, न दुखता कमजोर होणं हा वेगळा आजार आहे, तो आनुवंशिक आहे आणि त्याची डीएनए टेस्ट होते. पिल्लू घेणाऱ्यांनी आईवडिलांची ही टेस्ट झालीय का विचारायलाच पाहिजे.

प्रश्न : रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आमच्या घरासमोरून जाते. मागच्या वर्षी आमची कॉर्गी पलंगाखालून रात्रीपर्यंत निघाली नाही. (मल्हारगंज)

गेर आपली शान आहे पण तिच्या कानांना ते तोफ सुटल्यासारखं आहे. सगळ्यात बरं म्हणजे त्या दिवशी तिला दुसऱ्या घरी पाठवा. आमच्यात हे ठरलेलंच आहे, राजवाड्याकडची कुत्री रंगपंचमीला तिलकनगर, साकेतकडे पाहुणी येतात, दिवाळीत ज्यांच्या गल्लीत फटाके कमी त्यांच्याकडे. तिचं अंथरूण, तिचंच जेवण मापून, औषधं, लसीचं कार्ड आणि डॉक्टरांचा नंबर एका पिशवीत. आधी दोनचारदा त्या घरी नेऊन आणा म्हणजे अनोळखी वाटणार नाही.

घरीच ठेवायची तर आतली खोली, खिडक्या बंद, कूलर चालू, आणि पलंगाखाली बसली तर बसू द्या, ओढून काढू नका. फार घाबरत असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. रंग लागलाच तर चाटायच्या आत कोमट पाण्याने धुऊन टाका.

प्रश्न : लग्नाला पुण्याला जायचंय, ट्रेनने नेता येईल का? (स्नेहलतागंज)

फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्याकडे असेल तर सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि उन्हाळ्यात त्या पेटीत कॉर्गीला मी कधीच बसवणार नाही. वर सांगितली तशी पिशवी भरा आणि ओळखीच्या कुत्रेवाल्यांकडे ठेवा. लग्नघरात तसंही त्याचे हाल होतात, शंभर माणसं गोळा करायला निघतो बिचारा.

प्रश्न : आम्हाला कॉर्गी घ्यायचाय, चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. सोसायटीतले म्हणतात कुत्रा चालणार नाही, ठेवला तर लिफ्ट नाही. काय करावं? (बायपास रोड)

सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट पण अडवता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांमधे हे स्पष्ट आहे, त्याची प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या. पण भांडत जाऊ नका. 2017 पासून सफाईत पहिला नंबर आणणारं शहर आहे आपलं, लोकांना त्याचा अभिमान आहे, तुमच्या हातात पिशवी दिसली आणि शी उचलताना दिसलात की निम्मा विरोध तिथेच जातो. लिफ्टमधे लहान मूल किंवा घाबरणारं कुणी असेल तर पुढची लिफ्ट घ्या.

पिल्लू 8 आठवड्यांच्या आत विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या नियमांत मनाई आहे, ब्रीडरची नोंदणी लागते, आणि आई दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल तर तिथून उठून या. "राणीचा कुत्रा" म्हणून भाव चढवणारे भेटतील. एलिझाबेथ राणीला 1944 मधे अठराव्या वाढदिवसाला सुसान मिळाली होती हे खरं, पण त्याने तुमचं पिल्लू निरोगी आहे असं काही सिद्ध होत नाही.

त्याआधी एक करा, पैसे देण्याअगोदर एखाद्या कॉर्गीवाल्या घरी रविवारची सकाळ घालवा. त्याचं भुंकणं ऐका, मोठा आवाज असतो आणि चौथ्या मजल्यावर दाराची बेल, लिफ्ट, कुरिअरवाला सगळ्याला असतो, सोफ्यावरचे केस बघा, फिरायला सोबत जा. तरीही हवा वाटला तर घ्या, आणि घरी आला की पहिल्याच आठवड्यात जवळच्या कुत्रेवाल्यांशी ओळख करून घ्या, लसी पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर घेऊनच.