दानिलिदूबद्दल: जानेवारी आला की ही बाई सुटायची

आजची ग्रीक टेनिस स्टार मारिया साक्कारी, तिच्या आधी ग्रीसमध्ये बायकांचं टेनिस होतं का, आणि जुन्या निकालांत सारखी दिसणारी ही एलेनी दानिलिदू नक्की किती मोठी प्लेयर होती, असे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सोपंय. साक्कारीची स्वतःची आईच, आंगेलिकी कानेलोपुलू, 80 च्या दशकात टॉप 50 मध्ये होती, म्हणजे घरातच उत्तर आहे.

दानिलिदूचं जरा सविस्तर सांगतो कारण तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. जन्म 1982 चा, क्रीट बेटावर हानियाला. उंच, उजव्या हाताने खेळणारी, आणि बॅकहँड एका हाताने. तेव्हा जस्टिन एनाँ आणि अमेली मोरेस्मो या अव्वल खेळाडूंमुळे एकहाती बॅकहँड टॉपला दिसायचा तरी, आता महिला टेनिसमध्ये शोधावा लागतो. तर ही 19 वर्षांची असताना जून 2002 मध्ये हॉलंडच्या रोसमालेनला विम्बल्डनच्या आधीची ग्रासवरची स्पर्धा जिंकली, फायनलला एलेना डेमेंटिएवासमोर पहिला सेट घालवून मग पुढचे दोन काढले. ग्रीक मुलगी आणि पहिलं डब्ल्यूटीए (महिलांची मुख्य टूर) टायटल ग्रासवर, हेच मुळात विचित्र.

पण खरी मजा जानेवारी 2003 ची. वर्षाच्या पहिल्याच स्पर्धेत ऑकलंडला कोरियाच्या चो यून-जॉंगला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवून टायटल घेतलं, तिथून मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये चौथी फेरी, तिथे सेरेना समोर आली (जी त्या वर्षी ती स्पर्धा जिंकून लागोपाठ चार ग्रँड स्लॅम पूर्ण करणार होती, त्यामुळे दानिलिदू हरली यात लाज काही नाही), आणि वर मिक्स्ड डबल्सची फायनल, पार्टनर कोण तर ऑस्ट्रेलियाचा डबल्समधला दिग्गज टॉड वूडब्रिज! समोर आपला लिअँडर पेस आणि मार्टिना नवरातिलोवा. 6-4, 7-5 ने पेस-मार्टिना जिंकले. मार्टिना 46 वर्षांची होती, आणि तिच्या खात्यात तेवढंच एक ग्रँड स्लॅम टायटल नव्हतं, ऑस्ट्रेलियाचं मिक्स्ड, ते मिळालं. साहजिकच आपल्याकडे सगळीकडे पेस आणि मार्टिनाच, हरलेल्या बाजूला कोण होतं हे किती जणांच्या लक्षात असणार. मला तर ती मॅच वूडब्रिजमुळे लक्षात आहे, त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर होती ना.

पुढच्या जानेवारीत परत ऑकलंड, यावेळी ॲशली हार्कलरोडला सरळ सेटमध्ये. आणि 2008 च्या जानेवारीत होबार्ट, जिथे वेरा झ्वोनारेवा दुखापतीमुळे फायनलला उतरलीच नाही आणि ट्रॉफी न खेळता हातात आली. म्हणजे पाचपैकी तीन टायटल्स जानेवारीतली! उरलेली दोन म्हणजे ते रोसमालेन आणि 2006 चं सोल, तिथे जपानच्या सुगियामाला परत एकदा तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. कारण काय ते माझा अंदाज सांगतो, सीझनच्या सुरुवातीला मोठ्या प्लेयर्स एक तर गंजलेल्या असतात किंवा मेलबर्नसाठी अंग राखून खेळतात, आणि ऑकलंड-होबार्टसारख्या स्पर्धांना त्यातल्या बऱ्याच येतही नाहीत, अशा वेळी जी ताजीतवानी आणि फटके मारायला न घाबरणारी असते तिचं फावतं. हिचं फावलं. पण संधी साधायला पण गेम लागतोच.

रँकिंगचं पण बघा, 14 नंबर तिला मिळाला मे 2003 मध्ये. का तेव्हाच? रँकिंग मागच्या 52 आठवड्यांचं असतं, त्यामुळे त्या वेळी जून 2002 च्या रोसमालेनचे पॉइंट अजून खात्यात होते आणि ऑकलंड-मेलबर्नचे वरून जमा झालेले. जून आला की जुने पॉइंट गळणार, ते परत कमवले नाहीत की खाली. तिथून वर ती गेली नाही. ग्रँड स्लॅम सिंगल्सची क्वार्टर फायनल एकदाही नाही, आणि 2004 ला ऑलिंपिक घरच्या अथेन्समध्ये असूनही मेडल नाही. सातत्य नव्हतं, हे मान्यच करावं लागेल, एका आठवड्यात कोणालाही हरवेल आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या फेरीत बॅग भरेल अशातला प्रकार.

तरी 2003 चं टॉप 10 डोळ्यासमोर आणा, विल्यम्स भगिनी, क्लायस्टर्स, एनाँ, मोरेस्मो, डॅव्हनपोर्ट, कॅप्रियाती. या गर्दीत 14 म्हणजे आजच्या 14 पेक्षा जड, असं माझं मत, ज्याला पटत नाही त्याने खुशाल भांडावं.

आपल्या मापाने हवं असेल तर सानिया घ्या. सिंगल्समध्ये सानियाचं बेस्ट 27, टायटल एक (हैदराबाद 2005), ग्रँड स्लॅममध्ये चौथी फेरी, 2005 चं यूएस ओपन. दानिलिदूची पण ग्रँड स्लॅमची मजल तीच, चौथी फेरी, पण टायटल्स पाच. डबल्समध्ये मात्र तुलनाच नको, तिथे सानिया जगात एक नंबर होती.

राहता राहिली साक्कारी. ती जगात तिसरी झाली 2022 ला, त्याआधी 2021 मध्ये फ्रेंच आणि यूएस अशा दोन्हीकडे सेमीफायनल, त्यामुळे मोठी प्लेयर तीच, त्यात वाद नाही. पण 2023 संपेपर्यंत तिची सिंगल्स टायटल्स दोनच होती, रबात आणि ग्वादालाहारा. फायनलला पोचून ट्रॉफी उचलायची असेल तर मी दानिलिदूवर पैसे लावेन, फक्त महिना जानेवारीचा हवा.