‘सगळी आणा’ म्हणणाऱ्याला सगळी कुत्री देऊ नका

तुमचा प्रश्न असा: एका माणसाने कोंडून, उपाशी ठेवलेली साठ कुत्री तुम्ही सोडवली आहेत, ती तात्पुरत्या शेडमध्ये आहेत, शेड महिनाभरात रिकामी करायची आहे, आणि एक संस्था ‘सगळी आणा, आम्ही बघतो’ म्हणते आहे. द्यावीत का? नसतील द्यायची तर बाकीच्या संस्था कशा शोधायच्या?

पहिल्या भागाचं उत्तर: नाही. या एका मुद्द्यावर मी बऱ्याच लोकांशी वर्षानुवर्षं वाद घातला आहे आणि मत बदललेलं नाही. मदतीला आलेल्या माणसाला प्रश्न विचारणं हा त्याचा अपमान आहे, असं मानणारे लोक या क्षेत्रात फार आहेत. प्रश्न न विचारणं हा कुत्र्यांशी केलेला दगा आहे, असं मी मानतो.

हिशेब करून बघा. शेल्टरमध्ये एका कुत्र्याची जागा साफ करायला आणि त्याला खायला घालायला दिवसाला किमान पंधरा मिनिटं धरतात. साठ कुत्र्यांना नऊशे मिनिटं, म्हणजे पंधरा तास. त्यात औषधं नाहीत, फिरवणं नाही, डॉक्टरकडे नेणं नाही, घाबरलेल्या कुत्र्याजवळ नुसतं बसणं नाही. त्या संस्थेकडे आधीची चाळीस असतील तर एकूण शंभर, रोजचे पंचवीस तास. दोन माणसं आणि सुट्टीच्या दिवशी येणारे स्वयंसेवक यांत हे बसत नाही. मग पहिल्या आठवड्यात पाण्याची भांडी दोनदा भरली जातात, तिसऱ्यात एकदा. खरूज झालेलं कुत्रं ‘उद्या बघू’ म्हणून राहतं. नर-मादी वेगळे करायला जागा उरत नाही. चार महिन्यांनी तिथे तेच चित्र दिसतं ज्यातून तुम्ही यांना बाहेर काढलंत, फक्त दारावरची पाटी वेगळी. कुत्री साठवणारे कित्येक लोक सुरुवातीला असेच दयाळू होते, नाही म्हणता न येणारे. म्हणून समोरच्याच्या मनाची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. त्याचे रिकामे पिंजरे, हात आणि डॉक्टरची बिलं मोजा.

मोठ्या प्रमाणावर हे नीट करता येतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात प्रयोगशाळांसाठी कुत्री पैदा करणाऱ्या एन्व्हिगो कंपनीच्या प्रजनन केंद्रातून बीगल जातीची जवळपास ४,००० कुत्री बाहेर काढायची होती. न्यायालयाने जुलैमध्ये योजना मंजूर केली आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत शेवटची तुकडी बाहेर पडली. एवढी कुत्री कुणा एकाच्या गळ्यात बांधली नाहीत, शंभराहून अधिक संस्थांमध्ये वाटली. प्रत्येकीला झेपतील तेवढीच. तुमच्या साठांना दहा-बारा संस्था आणि काही फॉस्टर घरं (तात्पुरती सांभाळणारी घरं) पुरतील.

पण फोन फिरवण्याआधी साठ कुत्र्यांचे साठ कागद तयार हवेत. ‘साठ कुत्री आहेत, कृपया मदत करा’ या मेसेजला चांगली संस्था उत्तर देत नाही, कारण त्यातून तिला काहीच ठरवता येत नाही. प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाचा पट्टा, तोच क्रमांक पिंजऱ्यावर, फोटोत आणि कागदावर. बाजूने उभा फोटो, समोरून चेहरा, वजन, १ ते ९ मध्ये शरीराची अवस्था (१ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ), दातांवरून वय (सात महिन्यांपर्यंत हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतो, पुढे ‘तीन ते सहा वर्षं’ असाच लिहा), नसबंदी झाली आहे की नाही, कातडी, दात, डोळे, कान. पहिल्याच दिवशी दिलेल्या लशी आणि जंताचं औषध तारखेसकट. लस टोचायला कुत्रं धष्टपुष्ट होण्याची वाट बघू नका. गर्दीच्या जागी ती पहिल्या तासातच द्यायची असते. पिल्लांना चार ते सहा आठवड्यांच्या वयापासून, दर दोन-तीन आठवड्यांनी, वीस आठवड्यांची होईपर्यंत.

वयात आलेली प्रत्येक मादी गाभण आहे असं धरून चाला. नसबंदी न झालेली कुत्री एकत्र राहिली असतील तर सहा महिन्यांची पोरसुद्धा गाभण असू शकते. सोनोग्राफीत पंचवीस-तीस दिवसांनंतर कळतं, एक्स-रेमध्ये पिल्लं मोजायची तर पंचावन्न दिवस तरी भरायला हवेत, आणि वेत त्रेसष्ट दिवसांच्या आसपास. म्हणजे आज नर-मादी वेगळे केलेत तरी पुढचे दोन महिने आकडा वाढू शकतो. जागा साठांसाठी शोधली आणि निघाली पंच्याऐंशी, ही चूक फार जण करतात. गाभण मादीला शेल्टरचा पिंजरा नको, शांत फॉस्टर घर हवं. तेव्हा पहिली घरं तिच्यासाठी राखून ठेवा.

स्वभावाचा रकाना पहिल्या दिवशी भरू नका. गोठून बसलेलं कुत्रं शांत दिसतं. हात लावला तरी हलत नाही म्हणून लोक ‘अगदी गरीब’ लिहून मोकळे होतात, आणि नव्या घरी चौथ्या दिवशी तेच कुत्रं भिंत ओलांडून पळतं. किमान तीन-चार दिवस रोज बघा आणि विशेषणं न वापरता काय दिसलं ते लिहा: ‘दार उघडलं की मागच्या कोपऱ्यात जातं, माणूस गेल्यावरच खातं, दुसरं कुत्रं सोबत असेल तर दोन पावलं पुढे येतं.’ सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा: दार उघडणं, हातातलं खाणं, पट्टा घालणं. अनुभवी संस्थेला यातून हवं ते सगळं कळतं.

पशुवैद्य फ्रँकलिन मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रजनन केंद्रांतून आलेल्या हजाराहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरात वाढलेल्या कुत्र्यांपेक्षा त्यांच्यात भीती खूप जास्त, घरात घाण करणं जास्त, पण अनोळखी माणसांवर धावून जाणं उलट कमी होतं. अशी कुत्री घेताना संस्था ‘चावेल का?’ एवढंच विचारतात. त्यांना ‘पळेल का?’ हे विचारायची सवय तुम्हीच लावा.

आता संस्थांना काय विचारायचं. सध्या किती कुत्री आहेत, किती पिंजरे रिकामे आहेत, गेल्या बारा महिन्यांत किती आली, किती घरी गेली, किती मेली, किती परत आली. ज्याला हे आकडे सांगता येत नाहीत तो मोजत नाही, आणि जो मोजत नाही त्याच्याकडे कुत्रं हरवतं. आजारी कुत्र्यांची खोली वेगळी आहे का, तिथे काम करणारा माणूस आधी निरोगी कुत्र्यांचं आवरून मग तिकडे जातो का. वर्षभरात पार्व्हो (उलटी-जुलाबाचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला होता का, कुठे? तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, तिथे अर्धवट लसीची पिल्लं पाठवू नका. फरशी कशाने पुसता, हेही विचारा. नुसत्या सुगंधी फिनाईलवर भागवत असतील तर पार्व्होला काही होत नाही. आधी साबणाने घाण काढून मग घरगुती ब्लीच एकास तीस पाण्यात, दहा मिनिटं ओलं ठेवून, असं उत्तर आलं की समजा माणूस जाणता आहे.

त्यांच्या डॉक्टरांशी स्वतः बोला. पूर्वी ज्यांनी तिथे कुत्री दिली अशा दोघांना फोन करा आणि ‘संस्था कशी आहे?’ असं मोघम न विचारता ‘तुम्ही दिलेलं कुत्रं आज कुठे आहे?’ असं विचारा. शेवटी, न कळवता व्हिडिओ कॉल करून फाटकापासून शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत चालत दाखवायला सांगा. पाण्याची भांडी आणि कोपरे बघा. प्रत्यक्ष जाता आलं तर फारच उत्तम. जो कोणत्याही कारणाने आतली जागा दाखवत नाही त्याचा विषय तिथेच संपवा, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

वाटणीत एक सापळा आहे. सगळ्या संस्था आधी लहान, तरुण, शेपूट हलवणारी मागतात. तुम्हीही सुटल्यासारखं वाटून ती देता. दहा दिवसांनी शेडमध्ये उरतात वीस: म्हातारी, हार्टवर्म (डासांमुळे होणारे हृदयातले जंत) झालेली, माणूस दिसला की थरथरणारी. तोवर तुमच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि लोकांची सहानुभूतीही ओसरलेली असते. म्हणून पहिल्या दिवसापासून जोडून द्या: सोप्या तिघांमागे अवघड एक. त्या अवघड कुत्र्यासोबत उपचाराचा खर्च किंवा औषधं, आणि नाहीच जमलं तर आम्ही परत घेऊ हे लेखी आश्वासन. हार्टवर्मचं कुत्रं नुसतं दिलं तर कुणी घेत नाही. पूर्ण उपचाराची औषधं आणि ‘काही महिने धावपळ पूर्ण बंद’ ही सूचना सोबत असली तर घेणारे निघतात. मात्र ज्या संस्थेला भित्र्या कुत्र्यांचा अनुभव नाही तिच्यावर ते लादू नका. तिला म्हातारं द्या.

गर्दीत वाढलेल्या भित्र्या कुत्र्यांना माणसापेक्षा कुत्र्याचा आधार वाटतो. ज्या घरात आधीच एक धीट, शांत कुत्रं आहे तिथे ती त्याचं बघून खूप लवकर उलगडतात. रिकाम्या, शांत घरात एकटं ठेवलेलं असं कुत्रं आठवडेच्या आठवडे पलंगाखाली राहतं. जोड्यांबद्दल मात्र भावनेत वाहू नका. सोबत झोपतात म्हणजे जोडी नव्हे, जागाच तेवढी होती. दोन दिवस वेगळं ठेवून बघा. दोघंही खातपित असतील तर वेगवेगळी जाऊ शकतात. एकाने खाणं सोडलं तर दोघं सोबतच पाठवा.

घाई कुणी कितीही केली तरी चौदा दिवसांआधी पाठवू नका. पार्व्हो बहुतेक वेळा चौदा दिवसांच्या आत दिसतो, डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला त्याहून जास्त वेळ लागू शकतो आणि त्याचे झटके कधी कधी सर्दी बरी झाल्यावर काही आठवड्यांनी सुरू होतात. पिंजऱ्यांच्या एका रांगेत एकाला जरी उलटी-जुलाब आणि पार्व्होची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर त्या रांगेचे चौदा दिवस पुन्हा एकपासून मोजा. मध्ये नवीन कुत्रं त्या रांगेत आणू नका. अगदी हाडं दिसणाऱ्यांना तर प्रवास नकोच. त्यांना पहिल्या दिवशी पोटभर घालणंही घातक असतं. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि कुत्रं जेवल्यामुळे मरतं. दहा किलोच्या कुत्र्याची विश्रांतीची गरज साधारण ४०० कॅलरी. पहिल्या दिवशी त्याच्या पाव हिश्श्यापासून, चार-सहा वेळा थोडं थोडं देत, चार ते सात दिवसांत पूर्ण आहारावर आणा, आणि हे डॉक्टरच्या नजरेखाली.

प्रवासात एका पिंजऱ्यात एकच कुत्रं (आईची पिल्लं किंवा खरी जोडी सोडून), उभं राहता आणि वळता येईल एवढी जागा, हवा खेळती, चार तासांपूर्वी हलकं खाणं, दर चार तासांनी थांबून प्रत्येकाकडे बघणं. गुंगीचं औषध देऊ नका. पिंजऱ्यात गळ्यात सरकता पट्टा ठेवू नका, अडकून फास बसतो. सर्वात जास्त कुत्री पळतात ती उतरवताना. म्हणून आधी फाटक बंद, मग गाडीचं दार, मग पिंजऱ्याचं. हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) एक दोर आणि गळ्याला सरकता दुसरा, दोन्ही दोन वेगळ्या हातांत. मायक्रोचिप आधीच बसवलेली आणि तुमच्या नावावर नोंदवलेली.

आता दोन गोष्टी, ज्या खरं तर वरच यायला हव्या होत्या. एक, ही कुत्री कायद्याने कुणाची आहेत? मूळ मालकाने लेखी सोडली नसतील आणि प्रकरण चालू असेल, तर ती पुरावा असतात. ती दत्तक देता येत नाहीत, परवानगीशिवाय नसबंदीही करता येत नाही. तोवर फक्त फॉस्टर करार, प्रत्येक क्रमांक कुठे आहे याची रोजची नोंद, आणि वकिलाचा सल्ला. दुसरी, मादी सतत वेतांसाठी वापरली गेली असेल किंवा गर्भ पडल्याच्या खुणा असतील, तर पाठवण्यापूर्वी ब्रुसेला कॅनिस या जिवाणूच्या संसर्गाची तपासणी करा. तो माणसालाही होतो, औषधांनी खात्रीने जात नाही, आणि पहिली टेस्ट चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या. हे आणि बाकीचे सगळे आजार घेणाऱ्याला कागदावर सांगा. एकदा लपवलंत तर ती संस्था पुन्हा फोन उचलणार नाही.

आणि ज्यांनी सगळी मागितली आहेत, त्यांना उद्या फोन करून सांगा की चौदा दिवसांनी चार देतो, तीन सोपी, एक अवघड. तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाचा फोटो आणि वजन हवं. पहिल्या दोन वेळचे फोटो आणि वजनं वेळेवर आली तर पुढची चार. ‘सगळी नाहीतर एकही नको’ असं ते म्हणाले, तर धन्यवाद म्हणून फोन ठेवा.