बोनेटखालून : दार बंद, पण गाडीच्या मते उघडं

प्रश्न : माझी हॅचबॅक गाडी पावसाळा लागल्यापासून दोन रात्री उभी राहिली की सुरूच होत नाही, बॅटरी बसते. नवीन बॅटरी घातली तरी तेच. मोबाइलला जोडायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र मुलानं आणलं, त्यात बिघाडाचा एकही कोड दिसत नाही. गॅरेजमध्ये मोठा स्कॅनर लावून बीसीएम वाचलं, दोन पानांची प्रिंट हातात दिली आणि सांगितलं, ‘बीसीएम गेलंय, नवीन टाकावं लागेल.’ प्रिंट सोबत पाठवते आहे. खरंच बदलावं लागेल का?
– एक शिक्षिका, लांजा

उत्तर : ताई, पैसे मोजायच्या आधी ही प्रिंट नीट वाचू. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दारं, दिवे, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉकिंग अशी इंजिनाबाहेरची बरीच कामं तो डबा बघतो. तो खरोखर मेला असता, तर स्कॅनरला त्यानं उत्तरच दिलं नसतं. इथं तर त्यानं दोन पानं भरून माहिती दिली आहे!

मग गॅरेजवाल्यांना तो मेलेला का वाटला? दुसऱ्या पानावर ‘यू०१४०’ हा कोड आहे. त्याचा अर्थ ‘बीसीएमशी संपर्क तुटला’. पण ही तक्रार बीसीएमची स्वतःची नाही, ती इंजिनच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेली आहे, आणि तिच्यापुढं ‘हिस्टरी’ असं छापलंय. म्हणजे कधीतरी तुटला होता, आत्ता नाही. बॅटरी बसलेली असताना तुम्ही चावी फिरवली असणार. स्टार्टर ओढ घेतो तेव्हा व्होल्टेज एकदम खाली जातं, एखादं मॉड्यूल क्षणभर गप्प होतं आणि बाकीचे लगेच त्याच्या नावानं कोड नोंदवून ठेवतात. हे सगळे ‘यू’चे कोड पुसायला सांगा, चांगली चार्ज केलेली बॅटरी लावा आणि परत कोणता येतो ते बघा. जो परत येईल त्याच्याच मागं लागायचं.

तुमच्या ब्लूटूथच्या यंत्राला काही दिसलं नाही यात नवल नाही. भारतात एप्रिल २०१३पासून गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं आपले बिघाड स्वतः ओळखून नोंदवायची व्यवस्था) सक्तीचं झालं, पण ती सक्ती धुराशी संबंधित गोष्टींपुरती आहे. दार, दिवे, लॉक यांची माहिती प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ठेवते. ती वाचायला त्या कंपनीचा किंवा त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनर लागतो.

आता पहिलं पान. माझी नजर अडकली ती दोन ओळींवर : ‘चालकाचं दार – ओपन’ आणि ‘मागचं उजवं दार – ओपन’. पहिल्या ओळीचं काही नाही. मेकॅनिक एक पाय बाहेर ठेवून दार उघडं टाकूनच स्कॅनर बघत बसतो, मी पण तसाच बसतो. पण मागचं उजवं दार कोण उघडं ठेवणार? ते बंद असताना ही प्रिंट निघाली असेल, तर तुमचा चोर बहुतेक तिथंच आहे.

दार उघडं आहे असं बीसीएमला वाटत राहिलं की तो झोपत नाही, आणि तो जागा राहिला की त्याच्या जोडीची मॉड्यूलंही जागी राहू शकतात. तुम्हाला संशय आला नाही, कारण बऱ्याच गाड्यांत आतला दिवा काही मिनिटांनी आपोआप विझवला जातो. दिवा विझला म्हणजे सगळं बंद झालं असं आपण धरून चालतो. हिशोब करा : अर्धा अँपिअर करंट जात राहिला, तर दिवसाला १२ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. दोन दिवसांत तिच्यात स्टार्टर फिरवायला काय उरणार? झोपलेल्या गाडीचा करंट साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा.

गॅरेजमध्ये हा अंक घेऊन जा आणि तुमच्यासमोर एवढं करायला लावा. स्कॅनरवर फक्त चार दारांच्या ओळी लावायच्या. एकेक दार उघडायचं, बंद करायचं. तीन ओळी हाताबरोबर बदलतील. मागच्या उजव्याची ‘ओपन’वरच चिकटून राहिली, तर त्या दाराच्या लॉकचं कप्लर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, काढायचं. दार उघडल्याचं सांगणारा स्विच हल्ली बहुधा लॉकच्या आतच असतो आणि काच उतरवायच्या फटीतून पावसाचं पाणी तिथपर्यंत पोचतं. अनेक गाड्यांत दार उघडलं की हा स्विच अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेल्या गाडीच्या पत्र्याला, चिकटतो. तशी वायरिंग असेल तर कप्लर काढल्यावर ओळ ‘क्लोज्ड’ व्हायला हवी. झाली, तर लॉक बदला, विषय संपला. नाही झाली, तर दार आणि खांब यांच्यामधली रबराची नळी उघडून वायर बघा, दार उघडबंद करून ती तिथंच सोलते. उंदीर हा दुसरा संशयित, पावसाळ्यात तर विशेष. वायर बीसीएमच्या तोंडापासून सोडवल्यावरही ओळ ‘ओपन’च राहिली, तर मात्र बीसीएमवर बोट ठेवायला हरकत नाही. काही गाड्यांत स्विच उलटा चालतो, तेव्हा आधी वायरिंगचा नकाशा बघायला सांगा.

शेवटी करंट मोजायचा. त्या वेळी स्कॅनर सॉकेटमधून काढलेला हवा. तो लावलेला असला की गाडी झोपतच नाही, आणि मग तासभर मीटरकडं बघत बसलं तरी आकडा खाली येत नाही. चावी लांब ठेवायची, दारं लावायची आणि अर्धा तास तरी गाडीला हात लावायचा नाही.

प्रश्न : मेस्त्री, एका गाडीचा डावा लो बीम (हेडलाइटचा खालचा झोत) लागत नाही. बल्ब नवीन, फ्यूज चांगला. स्कॅनरवर चालू स्थिती दाखवणाऱ्या लाइव्ह डेटात ‘हेडलॅम्प स्विच – ऑन’ आणि ‘लेफ्ट लो बीम – ऑन’ दोन्ही येतं. कप्लर काढून मीटर लावला तर १२ व्होल्ट मिळतात. बल्ब बसवला की अंधार. बीसीएम खोटं बोलतंय का?
– एक तरुण मेकॅनिक, बार्शी

उत्तर : खोटं नाही बोलत रे, तू त्याचं बोलणं अर्धंच ऐकलंस. ‘हेडलॅम्प स्विच’ ही त्याच्याकडं आलेली बातमी आहे. ‘लेफ्ट लो बीम – ऑन’ हा त्यानं सोडलेला हुकूम. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्या ओळीत नसतं. यादीत खाली जाऊन त्याच दिव्याचा करंट किंवा ‘फीडबॅक’ असं काही आहे का ते शोध. काही गाड्यांत असतं. तिथं हुकूम ऑन आणि करंट शून्य दिसला, तर बीसीएमनं आपलं काम केलंय, पुढं कुठंतरी वाट तुटली आहे.

तुझ्या १२ व्होल्टवर माझा विश्वास नाही. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळं एका तंतूवर लटकलेली वायरसुद्धा त्याला १२ व्होल्ट दाखवते. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास मागतो, तेव्हा त्या तंतूचा जीव निघतो. बल्ब बसवलेला ठेव, कप्लरच्या मागून पिन घालून मोज. आधी पुरवठ्याची बाजू, मग बल्बच्या अर्थची पिन ते बॅटरीचं निगेटिव्ह. अर्थच्या बाजूला एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर पुढच्या क्रॉस मेंबरजवळचा (गाडीच्या पुढच्या आडव्या पट्टीजवळचा) अर्थचा बोल्ट काढ, घासून परत बसव. मला विचारशील तर मी सुरुवातच तिथून केली असती.

आणि एक, मालकानं बाजारातला एलईडी बल्ब बसवलाय का ते बघ. तो इतका कमी करंट घेतो की काही गाड्यांचा बीसीएम त्याला जळालेला बल्ब समजतो आणि कोड टाकतो. त्या कोडसाठी हार्नेस (वायरींचा जुडगा) फाडत बसू नकोस.

प्रश्न : मोबाइल अ‍ॅपवरून बीसीएमच्या सेटिंग बदलून वेगानुसार आपोआप लॉक, जास्त वेळ जळणारे दिवे असं चालू करता येतं म्हणे. घरी करू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वाचा खुशाल, लिहू नका. निदान त्या गाडीवर कुणीतरी आधी केलंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तरी नको. अनेक गाड्यांत चावी ओळखणारा इमोबिलायझर बीसीएमशीच बांधलेला असतो आणि लिहिताना बॅटरीनं मान टाकली तर गाडी टो करून न्यावी लागते. करायचंच असेल तर जुन्या सगळ्या सेटिंगचे फोटो काढून ठेवा, बॅटरीला चार्जर लावून ठेवा आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. विमा आणि वॉरंटीचे कागदही आधी वाचा. दिवे जास्त वेळ जळायची हौस असेल तर गाडीच्या मेन्यूत शोधा, काही गाड्यांत ती सोय कंपनीनंच दिलेली असते.