आधी फोटो, मग फडकं

प्रश्न : आमचं धाब्याचं जुनं घर यंदा उतरवलं. भिंतीतल्या फडताळात लाल फडक्यात बांधलेली ‘हरिविजया’ची हस्तलिखित पोथी निघाली. मधूनमधून रंगीत चित्रं आहेत. कडा कसरीनं खाल्ल्यात, काही पानं एकमेकांना चिकटलीत. आजी कुणाला शिवू द्यायची नाही. ‘ती देवनी पोथी शे, हात नको लावजो,’ म्हणायची. आता मेहुणे म्हणतात, लॅमिनेशन करून टाका. चुलतभाऊ म्हणतो, सुरतेला गिऱ्हाईक आहे. शेवटच्या पानावर ‘शके १७३१ शुक्लनाम संवत्सरे’ एवढं लागलं. काय करावं?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : भाऊ, मेहुण्यांना चहा पाजा, पण पोथी त्यांच्या हातात देऊ नका. लॅमिनेशनचं प्लॅस्टिक गरम होऊन कागदाला जे धरतं, ते पुन्हा सुटत नाही. शिवाय कागदात मुरलेली ओल आत कोंडते.

वरून काहीतरी फासलं की वस्तू टिकते, हा समज मोठमोठ्यांचाही होता. अजिंठा आपल्या जळगावहून किती लांब? तिथली चित्रं वाचवायला १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले पोपडे बसवले, ते उत्तमच केलं; पण वर लाखेचा हात दिला. तो पुढे पिवळा-तपकिरी पडला आणि तो काढायला पुढच्या लोकांना वर्षानुवर्षं घासावं लागलं.

आणि मी तरी कोण शहाणी? हस्तलिखितांच्या कामाला लागले त्या पहिल्या वर्षी अशीच चिकटलेली दोन पानं स्टीलच्या पट्टीनं सोडवायला गेले. पानं सुटली, पण गणपतीचं तोंड समोरच्या पानावर उलटं उमटून गेलं. इकडे नुसता मुकुट, तिकडे सोंड. आमच्या वरिष्ठांनी काही न बोलता ती पट्टी माझ्या खणातून काढून नेली. तेव्हा चिकटलेली पानं आहेत तशी राहू द्या. ते काम कागदाच्या जाणकाराचं.

तुमचं काम फोटोचं. पोथी उलगडण्याआधी फडक्यासकट, गाठीसकट एक फोटो घ्या. मग दिवसा, ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर एकेक पान ठेवा. फ्लॅश नको. मोबाइल पानाच्या बरोबर वर, आडवा धरा, आणि शेजारी शाळेतली मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. कोरी पानंही सोडू नका. पोथीच्या पानाला बहुधा मागच्या बाजूला समासात अंक असतो, तोच फोटोला नंबर द्या. तुमच्या क्रमानं नवे आकडे टाकलेत, तर मधलं हरवलेलं पान कधीच ध्यानात येणार नाही. पानावर पेननं काहीही लिहू नका, बोटाला थुंकी लावून पान उलटू नका.

हे फोटो एकाच ठिकाणी ठेवू नका. रॉबर्ट गिल नावाच्या साहेबानं १८४४ पासून अजिंठ्यात बसून मोठमोठ्या नकला रंगवल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६ च्या आगीत थोड्या सोडून सगळ्या जळाल्या. गिल मात्र आपल्याकडेच राहिला. भुसावळला त्याची कबर आहे. एक पेनड्राइव्ह घरी, एक गावाबाहेरच्या बहिणीकडे, एवढं तर करता येईल ना?

रंग हाताला लागतोय का, हे बोट फिरवून बघू नका. काजळाची शाई पाण्यानं पसरते, म्हणून ओलं फडकंही नको. हिरव्या रंगाची पानं मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. तो रंग तांब्याचा, म्हणजे जंगालाचा असेल तर खालचा कागद तपकिरी होऊन चुरतो. मी असं एक पान पाहिलंय, ज्यात झाडाचा आकार तेवढा गळून पडला होता आणि त्यातून मागचा कृष्ण दिसत होता. अक्षरांवर पिवळा पट्टा दिसला तर तो डाग समजू नका. पोथी उतरवणाऱ्यानं चूक हरताळानं, म्हणजे पिवळ्या खनिज रंगानं, झाकलेली असते.

बाकी आजीचं बरंच बरोबर होतं. जुनं फडकं धूळ झटकून वेगळं जपा आणि पोथी स्वच्छ धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात घट्ट बांधा. सैल बांधलेल्या पोथीत कसर आणि धूळ दोन्ही शिरतात. वेखंडाची पुरचुंडी बाहेरच्या बाजूला ठेवा. उन्हात वाळवू नका, पत्र्याच्या पेटीत कोंडू नका, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका.

तुमच्या पानावरचा शक आणि संवत्सर जुळतात. संवत्सरांची साठ नावं ओळीनं फिरत राहतात. शकात १२ मिळवा, ६० नं भागा. बाकी उरेल तितकावा संवत्सर. १७३१ आणि १२ म्हणजे १७४३, बाकी ३, आणि प्रभव, विभव, शुक्ल असा तिसरा शुक्लच येतो. म्हणजे इसवी सन १८०९ च्या आसपास. पण लगेच पेढे वाटू नका. नक्कल करणारे कधीकधी मूळ पोथीची मितीही जशीच्या तशी उतरवत.

सुरतेच्या गिऱ्हाइकाबद्दल सांगते. पोथी तुमची, मालकी तुमचीच. पण ७५ वर्षांहून जुनं, मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. तुम्हाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. घरी सांभाळणं जमत नसेल तर धुळं जवळ आहे. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी मठामठांतून जमवलेली बाडं आहेत, आणि इतिहासकार राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळही आहे. आधी फोटो घेऊन जा, पोथी नको. एसटीच्या गर्दीत ती कशाला चेपवायची?

प्रश्न : मुलगा नोकरीला जॉर्डनमध्ये आहे. त्यानं मदबाच्या चर्चमधल्या जमिनीवरच्या खड्यांच्या नकाशाचा फोटो पाठवला. आपल्या भागात असं काही नाही का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मोझॅक नाही, पण चाळीसगावच्या माणसानं हे विचारावं! तुमच्याजवळच्याच पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, ही हकीकत त्यात आहे आणि शेवटी जुन्या मराठीत देणग्यांचा तपशील. असा लेख वाचायचा असेल तर अक्षरांत खडू किंवा ऑइलपेंट भरू नका. संध्याकाळी बाजूनं बॅटरी तिरपी धरा, अक्षरं सावलीनं उठून दिसतात.

मदबाचा नकाशा सहाव्या शतकातला. त्यात जॉर्डन नदीतला एक मासा मृत समुद्राचं खारट पाणी बघून उलटा फिरलेला दाखवलाय. मुलाच्या फोटोत तो आलेला नसेल, तर त्याला पुन्हा पाठवा.